दहा मिनिटे हालचाल नसल्यास

'दहा मिनिटे हालचाल नसल्यास खुर्ची मोकळी समजावी.' हे वाक्य माझे आहे. मी ते इंग्रजीत लिहिले होते. आमच्या कामाची कागदपत्रे इंग्रजीतच होतात. त्या वाक्यामुळे माझ्या थोरल्या भावाची आणि माझी शेवटची भेट झाली नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवून सांगण्याइतके मन माझ्यात उरलेले नाही. राग उरला आहे. भावाला जाऊन सात महिने झाले तरी तो उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी ज्या कंपनीत काम करते ती इमारतींच्या आतल्या जागा आखते. भिंती आणि फर्निचर इतरही करतात. आम्ही त्यात यंत्रे बसवतो. कोणती खोली रिकामी आहे, कोणत्या टेबलावर कोणी आहे, पाहुण्याने कुठून आत यावे, किती वेळ थांबावे, हे सगळे त्या यंत्रांनी ठरवायचे. लोकांचे काम सुखाचे व्हावे, भेट सुखाची व्हावी, असे आमच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. तेही मीच लिहिते. चित्रे काढणारे, तारा ओढणारे, प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आहेत. जागेने कसे वागायचे याचे नियम शब्दांत मांडणे हे माझे काम. मला वाचायची सवय, लिहायची सवय, बोलायची फारशी नाही. म्हणून बरे काम मिळाले असे मला वाटत असे.

तो नियम पहिल्यांदा एका ऑफिससाठी लिहिला. बेंगळूरला के. आर. पुरमच्या पुढे, काचेच्या इमारतीत, सहा मजले. तिथे कोणाचेही टेबल ठरलेले नव्हते. लोक बॅग ठेवून दोन दोन तास गायब होत आणि बाकीचे जागा शोधत फिरत. म्हणून आम्ही छतात बशीएवढ्या डब्या बसवल्या. ही डबी माणूस पाहत नाही, नुसती हालचाल पाहते. खाली कोणी दहा मिनिटे हलले नाही, तर टेबलावरचा हिरवा दिवा विझतो आणि जागा दुसऱ्याला मिळते. आमच्याच मुलामुलींना बसवून आम्ही चाचणी घेतली. ती सगळी पाय हलवणारी, खुर्ची गरगर फिरवणारी, दर मिनिटाला फोन उचलणारी. एकही दिवा चुकून विझला नाही. ऑफिसवाले खूश झाले.

मग तीच डबी एका हॉस्पिटलला विकली गेली. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांनी थांबायचा हॉल होता. संध्याकाळी चार ते पाच भेटीची वेळ, एका वेळी एकानेच आत जायचे, आणि दाराशी रोज रेटारेटी. ती थांबवायची होती. आम्ही ती थांबवली. रिसेप्शनवर तुमच्या रुग्णाचा बेड नंबर सांगायचा, तिथून एक खुर्ची मिळते, मनगटाला एक पट्टा मिळतो. खुर्चीच्या हातावरचा हिरवा दिवा लागलेला असतो. पाळी आली की तो दिवा लुकलुकतो, दाराला पट्टा लावला की दार सरकते. रांग नाही, आरडाओरडा नाही. आणि दहा मिनिटे हालचाल नसल्यास खुर्ची मोकळी समजली जाते आणि पाळी पुढच्याला जाते. ऑफिसचा कागद उघडून मी 'टेबल' शब्दाच्या जागी 'खुर्ची' हा शब्द घातला. बाकी वाक्य तसेच राहिले.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. जागा ज्यांच्यासाठी करायची ती माणसे आधी कागदावर बनवायची. त्यांना पर्सोना म्हणतात. हॉस्पिटलसाठी मी एक बाई बनवली होती. बत्तीस वर्षांची, नोकरीवाली, वडिलांना भेटायला आलेली, वाट पाहता पाहता ऑफिसची कामे उरकणारी. मी तिला फोन दिला, लॅपटॉप दिला, चार्जिंगची सोय दिली, बरी कॉफी दिली. भीती द्यायची राहिली. भ्यालेला माणूस कसा बसतो हे मला तेव्हा माहीत नव्हते असे नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी स्वतः तशी बसले होते. पण कागद लिहिताना ते आठवले नाही.

हॉल सुरू होऊन महिना झाल्यावर मी पाहणीला गेले. कोपऱ्यात उभी राहून वहीत टिपणे घेतली. तिथे सफाईचे काम करणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, पन्नाशीच्या पुढची. ती फरशी पुसायचे सोडून मध्येच खुर्च्यांच्या रांगेत शिरायची आणि बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून हातातले फडके फिरवायची, जशी माशी हाकलावी. लोक दचकून वर बघत. ती काही न बोलता पुढे जाई. मला ते विचित्र वाटले. तिला विचारावे असे वाटले नाही. अहवालात मी लिहिले, 'सफाई कर्मचारी बसण्याच्या भागात विनाकारण वावरते. त्यामुळे नोंदी बिघडतात. तिला भेटीच्या वेळेत अन्यत्र काम द्यावे.' हॉस्पिटलने तसे केले. आमच्या सूचना ते लगेच मानत.

आता अण्णाविषयी. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे, बसवनगुडीत वाढलेले. मी अजून तिथेच आहे. अण्णाने मात्र आनेकलला एका छोट्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर वहिनीसह तिथेच राहिला. माझे काम त्याला कधी पटले नाही. दर रविवारी मी पुस्तके घेऊन जायची आणि तो चष्मा कपाळावर सरकवून सुरू व्हायचा.

"काय गं, या आठवड्यात कशाला डोळे बसवलेस?"

"दारांना."

"दाराला डोळे, टेबलाला डोळे. माणसांचे मग काढून घेणार का?"

"अण्णा, सोय असते ती. शोधाशोध वाचते."

"आमच्या मशीन शॉपमध्ये साठ माणसं होती. कोण जागेवर नाही ते मला आवाजावरून कळायचं. स्वल्प कान दिला की झालं."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी आतून ओरडायची, "तिच्या डब्या निदान तुमच्यासारखं रोज बोलून दाखवत नाहीत!"

मग तो हसायचा आणि खोकायचा. त्या खोकल्याचेच पुढे न्यूमोनियात रूपांतर झाले. आनेकलच्या डॉक्टरांनी शहरात न्यायला सांगितले. रुग्णवाहिका ज्या हॉस्पिटलात गेली ते आमच्या हॉलचे हॉस्पिटल निघाले. मला त्या दिवशी बरेच वाटले होते. ओळखीची जागा, मी मनाशी म्हटले.

आठ दिवस त्याच्या घशात नळी होती. वहिनी रोज बसने यायची आणि चार वाजता आत जायची. तो बोलू शकत नसे, ती त्याचे पाय दाबून परत यायची. नवव्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी नर्सचा मला फोन आला. "मॅम, पेशंट बोलतायत. सारखं विचारतायत, बहीण कधी येणार. काहीतरी सांगायचं आहे म्हणतात." वहिनीला त्या दिवशी ताप होता. मी तिला म्हटले, तू झोप, मी जाते. ती म्हणाली, "काय सांगतात ते नीट ऐकून घे हं. अर्धवट ऐकून येऊ नकोस."

पावणेचारला मी हॉलमध्ये होते. सतरा नंबरची खुर्ची मिळाली. पट्टा बांधला. आणि मी बसले. पुस्तक होते, पण उघडले नाही. मी सर्व शक्ती एकवटून बसले होते, हे आता कळते. तो काय सांगेल, त्यावर मी काय म्हणेन, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचे नाही, एवढेच मनात. उजवा तळवा खुर्चीच्या हातावर होता. बरोबर दिव्यावर. ज्या दिव्याची जागा आणि रंग ठरवताना मी तीन बैठकांत बसले होते तो माझ्या हाताखाली विझला, आणि मला कळले नाही. नियम मला पाठ होता. पण त्या दुपारी मी नियम लिहिणारी नव्हते. मी वाट बघणारी होते, आणि वाट बघणाऱ्याला नियम आठवत नाही.

आजूबाजूचे लोक एक एक करून आत जाऊन आले. पाचला पाच मिनिटे असताना मी उठून रिसेप्शनवर गेले.

"माझी पाळी अजून आली नाही."

मुलीने पडद्यावर पाहिले. "सतरा नंबर? मॅम, तुम्ही चार वाजता निघून गेलात."

"मी इथेच आहे."

"हो मॅम. पण सिस्टिममध्ये तुम्ही गेलात. तुमची पाळी पुढे दिली."

"मी तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही मला बघत होता."

तिचा चेहरा खरोखर पडला. "मी बघितलं मॅम. पण मला वाटलं, तुम्ही भेटून आलात आणि बसलात. पडद्यावर मोकळी दिसत होती ना."

दाराशी गेले. पट्टा लावला, लाल दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. रखवालदार हळू आवाजात म्हणाला, "अक्का, आता टाइम झाला. उद्या या."

आणि मी 'सरी' म्हणाले, म्हणजे 'बरं'. हे लिहिताना आताही माझे कान तापतात. मी 'सरी' म्हणाले आणि मागे वळले. आमच्या घरात परक्यांसमोर आवाज चढवत नाहीत. मला तसे वाढवले आहे. दार हाताने ठोकले असते, ओरडले असते, तर आतून कोणी नर्स आली असती. ते दार पातळ आहे, हे मला माहीत होते, कारण त्याची जाडी माझ्याच कागदात होती. मी सभ्यपणे बाहेर पडले.

त्याच रात्री अण्णाचा श्वास बिघडला, पुन्हा नळी घातली, भेटी बंद केल्या. दोन दिवसांनी तो गेला.

वहिनीने त्या संध्याकाळी फोनवर विचारले होते, "काय म्हणाले?" मी म्हटले, "झोपले होते. उठवलं नाही." तेराव्यापर्यंत मी ते खोटे सांभाळले. चौदाव्या दिवशी ती त्याचे शर्ट घड्या करून ठेवत होती तेव्हा मला ते सहन झाले नाही. मी तिला सगळे सांगितले. डबी, दिवा, पाळी. ती शर्ट मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी त्यांना कोणीच भेटलं नाही?"

"नाही."

"ते विचारत होते. आणि तू दाराबाहेर होतीस."

"हो."

"आणि ते वाक्य तू लिहिलंस."

"हो."

 ती म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, आपण आलोच नाही." एवढे बोलून तिने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

ऑफिसला परत गेल्यावर मी त्या दिवसाची नोंद मागवली. नोंद चोख होती. सतरा नंबर, आला, थांबला, गेला. आमचा मुख्य माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, पुण्याचा, वाईट माणूस नाही. त्याने दार लावून घेतले. "मॅडम, आय अॅम रिअली सॉरी. पण बघा ना, सहा महिन्यांत एकही तक्रार नाही. तुमची केस एक्सेप्शन आहे. आपण दहाचे पंधरा मिनिटं करू."

"तक्रार कोण करणार? ज्यांची पाळी गेली ते निघून गेले असं लिहिलेलं आहे."

"पण युजर इतका वेळ पुतळ्यासारखा बसेल असं कोणी गृहीत धरतं का?"

"त्या हॉलमध्ये दुसरं कोणी बसतच नाही," मी म्हटले. माझा आवाज चढला होता. काचेपलीकडची दोन डोकी वळली. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा ऑफिसात ओरडले, आणि ओरडून थांबले नाही. "ज्याचा माणूस आत मरायला टेकलाय तो पाय हलवत बसत नाही. हे मला माहीत होतं. तुला माहीत होतं. तुझी आजी गेली तेव्हा तू कसा बसला होतास?"

 मी बाहेर आले. आणि जिन्यात मला ते फडके आठवले.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. ती बाई तळघरातल्या लॉन्ड्रीत सापडली. ओल्या चादरींचे ढीग, वाफ, कानठळ्या बसवणारी यंत्रे. मी तिला कानडीत विचारले, वरच्या हॉलमध्ये तुम्ही लोकांच्या डोक्यावर फडके का फिरवत होता?

"ते हलत नाहीत ना अम्मा," ती म्हणाली. "दगडासारखे बसतात. दिवा विझला की नंबर जातो. सुरुवातीला एक म्हातारा तसाच राहून गेला. मुलगी आत होती त्याची. रडलासुद्धा नाही, नुसता पट्टा सोडून देऊन गेला. मग मी फडकं फिरवायला लागले. वरच्या डबीला काय, फडकं काय न माणूस काय, सगळं सारखंच."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, मोठ्या इंजिनियरांनी केलंय, तू पुसायचं बघ." तिने चादर पिळली. "मग कोणीतरी माझ्यावर कम्प्लेंट लिहिली. इथं टाकलं."

"ती मी लिहिली," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले, साडीकडे, खांद्यावरच्या पिशवीकडे. मला वाटले होते ती ओरडेल किंवा 'असू दे' म्हणेल. तिने दोन्ही केले नाही. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून पांढरी झाली होती. "मग आता परत लिहा," ती म्हणाली. "एकदा लिहिल्यावर खाली टाकतात, तर एकदा लिहिल्यावर वर घेतील."

मी तिला अण्णाचे सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच सुमारास दुसऱ्या एका हॉस्पिटलचा हॉल तयार होत आला होता. तीच डबी, तेच वाक्य, आता पंधरा मिनिटांचे. चाचणी यशस्वी झाल्याच्या कागदावर नियम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी, सही लागते. मी म्हटले, सही करीन, पण चाचणी मी सांगेन तशी. सगळ्यांनी फोन बाहेर ठेवायचे आणि अर्धा तास बसायचे. काही करायचे नाही. मुख्याने खांदे उडवले. "ओके, करून टाकू."

दुपारी नमुन्याच्या हॉलमध्ये आम्ही आठ जण बसलो. बाकीच्यांना बसताच येईना. एकाने घोटा खाजवला, एकीने बांगड्या मागेपुढे केल्या, दोघे एकमेकांकडे बघून हसू दाबू लागले. सगळ्यांचे दिवे हिरवेच राहिले. मी अण्णाचा विचार करत होते. काय सांगायचे होते त्याला? घराविषयी? वहिनीविषयी? की नेहमीसारखी माझी टिंगलच, नळी निघाल्याच्या आनंदात? शक्य आहे. पुस्तक आण म्हणाला असता, तेही शक्य आहे. मला ते कधीच कळणार नाही, आणि या 'कधीच नाही'वर मी रोज येऊन आपटते.

सोळाव्या मिनिटाला माझा दिवा विझला. यावेळी मी तो पाहिला.

"मॅडम," मुख्य समोरून म्हणाला, रिक्षावाल्यांकडून उचललेल्या त्याच्या कानडीत, "स्वल्प हलायचं ना!"

मुले हसली. मी हलले नाही.

"मॅडम, बाकी सात ओके आहेत."

"आठवी खुर्ची कोणाची आहे?"

"तुमची. पण तुम्ही मुद्दाम हलत नाही आहात."

"मुद्दाम नाही. मी माझ्या भावाचा विचार करते आहे. लोक तिथे दुसरं काय करतात असं तुला वाटतं?"

हसू थांबले. कोणी खुर्चीतून उठले नाही. तो टॅब हातात घेऊन उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत तशीच बसून राहिले, किती वेळ ते मोजले नाही. भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या खुर्चीपुढे 'मोकळी' असे दिसत होते. शेवटी त्याने टॅबवर बोटाने काहीतरी लिहिले आणि तो मला दाखवायला आणला. चाचणी नापास. कारणाच्या रकान्यात त्याने काही घातले नव्हते. मी टॅब घेतला आणि ते मी लिहिले.

वाक्य आता काढले आहे, दोन्ही हॉलमधून. पाळी आली की एक नर्स दार उघडून बेड नंबर पुकारते. थोडा गोंगाट होतो. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात या बदलाचा उल्लेख 'मानवी स्पर्श' असा करायचा होता. तो मजकूर लिहायला मी नकार दिला, दुसऱ्या कोणीतरी लिहिला.

वहिनीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. दुसऱ्यांचं." आणि विषय बदलला.

त्या बाईसाठी मी दोन पत्रे लिहिली. चूक माझी होती, तिला पूर्वीच्या जागी घ्या. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आले: लॉन्ड्रीत मनुष्यबळ कमी आहे, विनंती नोंदवून घेतली आहे. गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला पुन्हा खाली गेले आणि सांगितले की दिवे आता विझत नाहीत, कोणाची पाळी जात नाही.

"बघितलं मी, जेवणाच्या सुट्टीत वर गेले होते," ती म्हणाली. "चांगलं झालं अम्मा. पण माझं काय?"

तिसरे पत्र लिहून ठेवले आहे. हे पोस्टाने पाठवणार नाही. सोमवारी स्वतः घेऊन जाणार आहे, आणि या वेळी दाराशी कोणी 'उद्या या' म्हणाले तर परत फिरणार नाही.